आधी वाचा, मग दाबा

रोकडे सर कुणाच्याही घरी गेले की दारात चपला काढायचे आणि पहिल्यांदा भिंतीकडे बघायचे. माणसांकडे नंतर. प्लग कुठे आहे, एका बोर्डात किती पिना कोंबल्यात, वायर खाटेच्या पायाखाली तर आलेली नाही ना, हे डोळ्यांनी तपासून झालं की मग "काय, बरं आहे ना?" व्हायचं. माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या सासूबाईंना वाटलं, लाइटबिलवाला आला. त्यांनी घाईघाईने बिल भरल्याची पावती आणून दाखवली. सरांनी ती वरपासून खालपर्यंत नीट वाचली, परत दिली आणि म्हणाले, "फ्रिज ज्या बोर्डावर आहे ना, तो बोर्ड बदला." पोहे खाऊन गेले. सासूबाई शेवटपर्यंत त्यांना लाइटवाले सरच म्हणायच्या.

सर राहायला खोपोलीजवळ शिळफाट्याला, नोकरी कर्जतला आमच्या शाळेत. स्कूटरवरून यायचे. खिशाला पेनाशेजारी लाल मुठीचा टेस्टर, आणि पिशवीत जेवणाच्या डब्याबरोबर एक दाढीचा ब्रश. तो ब्रश गालाला लावायचा नव्हे, कीबोर्डाची धूळ झाडायचा. विषय भूगोल. पण शाळेला कुणीतरी जुने कॉम्प्युटर देणगी दिले, ते कोण सांभाळणार म्हणून सगळे एकमेकांकडे बघायला लागले, तेव्हा सरांनी हात वर केला आणि त्या दिवसापासून भूगोल मागे पडला. मी मराठी शिकवते. शिक्षकखोलीत आमची टेबलं एकाला एक लागून. त्यामुळे कॉम्प्युटर या विषयावरची सरांची मतं मी वर्षानुवर्षं ऐकली. ऐकली कसली, सोसली.

मतं म्हणजे मतंच, त्यात इकडचं तिकडे होणार नाही. विंडोज म्हणजे भाड्याचं घर. "घरमालक चांगला असेल हो, पण त्याच्या मनात आलं की तो येणार. तुम्ही जेवायला बसलेले असा नाहीतर आंघोळीला गेलेले असा. भिंतीला रंग लावणार, कपाट इकडचं तिकडे सरकवणार, आणि वर म्हणणार की तुमच्याच भल्यासाठी केलं." मॅक म्हणजे श्रीमंत नातेवाइकाचा बंगला. छान आहे, गार आहे, पण अंग चोरून बसायचं आणि कशाला हात लावायचा नाही. आणि विंडोजच्या जागी बसवता येणारं लिनक्स म्हणजे आपलं स्वतःचं घर. स्वतः बांधलेलं. फुकट मिळतं म्हणून नव्हे. कुठली वीट कुठे आहे ते बघता येतं म्हणून. "गळत असेल, पण कुठून गळतं ते आपल्याला माहीत असतं बाई."

"पण गळतं ना सर?" असं मी एकदा म्हटलं, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

ते रुसायचे मात्र खूप. पाठ करून बसायचे आणि दाढीच्या ब्रशाने स्वच्छ असलेला कीबोर्ड पुन्हा झाडत राहायचे. त्यांचा सगळ्यात मोठा रुसवा झाला तो ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून. दहावीच्या निकालाच्या दिवसांत मुख्याध्यापकांचं मशीन ऐन कामात स्वतःहून बंद पडलं आणि पडद्यावर गोल गोल ठिपके फिरायला लागले. अपडेट चालू आहे, मशीन बंद करू नका. बाहेर पालक उभे. सर दारात आले, हाताची घडी घातली आणि फक्त एवढंच म्हणाले, "घरमालक आले वाटतं." मुख्याध्यापक इतके वैतागले होते की म्हणाले, बसवा ते तुमचं लिनक्स, एकदाचं होऊन जाऊ दे.

सरांनी बसवलं. मशीन खरोखरच चटकन चालायला लागलं. सर गावच्या जत्रेत नवा शर्ट घातलेल्या माणसासारखे व्हरांड्यातून फिरत होते. मग दाखला छापायची वेळ आली आणि प्रिंटर बोलेना. सरांनी त्याला सगळ्या बाजूंनी समजावून पाहिलं. वायर काढून लावली, पंख्याखाली ठेवला, कुठल्या कुठल्या आज्ञा टाइप केल्या. आठवडाभर शाळेतून एक दाखला बाहेर पडला नाही. क्लार्क बाईंनी शेवटी कपाळाला हात लावला, आणि विंडोज परत आलं. त्या दिवशी सर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "प्रिंटर हा यंत्रांमधला जावई आहे बाई. कितीही मान द्या, रुसायचं ते रुसणारच." मला इतकं हसू फुटलं की ते आणखी चिडले. पुढे कित्येक महिने त्यांनी कसलाही मोठा विषय काढला की मी हळूच विचारायची, "आणि प्रिंटर, सर?"

हे वाक्य आता मला तोंडातून काढवत नाही. का, ते सांगते.

फोन त्यांना यंत्रच वाटायचा नाही. ज्याला कीबोर्ड नाही ते बघायचं खेळणं, करायचं साधन नव्हे, असं ते म्हणत. मुलीने घेऊन दिलेला चांगला फोन त्यांनी पिशवीत तळाला टाकलेला असायचा, आणि तो वाजला की डबा, ब्रश, वर्तमानपत्र सगळं बाहेर यायचं. फोटो, व्हिडिओ आपोआप वर कुठेतरी साठतात, त्या क्लाउडचा तर त्यांना मनापासून तिटकारा. म्हणायचे, आपलं भात दुसऱ्याच्या कणगीत का ठेवायचं? स्वतःच्या प्रत्येक गोष्टीची एक प्रत घरी, एक शाळेत आणि एक खालापूरला मेहुण्याकडे. महिन्याला एकदा डब्याच्या पिशवीतून हार्ड डिस्क घेऊन खालापूरला जायचे. मेहुण्याच्या घरचे म्हणायचे, भाऊजी आम्हाला भेटायला येत नाहीत, डिस्क भेटवायला येतात.

पण शिकवायचे छान, हे कबूल केलंच पाहिजे. त्यांच्या तासाला पोरांनी आधी दोन्ही हात पाठीमागे बांधून बसायचं. पडद्यावर काहीही आलं की सगळ्यांनी ते मोठ्याने वाचायचं. "तुम्हाला ही फाइल कायमची काढून टाकायची आहे का? होय. नाही." पंचवीस-तीस पोरं एका सुरात म्हणायची, आणि शेजारच्या वर्गातल्या नव्या बाईंना पहिल्या दिवशी वाटलं की भरदुपारी प्रार्थना चाललीय. वाचून झालं की सर म्हणायचे, "आता विचार करा." मग जरा थांबून, "आता दाबा." न वाचता ओके दाबणाऱ्या माणसाबद्दल त्यांना खरोखरच वाईट वाटायचं. शिक्षकखोलीत कुणी न वाचता हजेरीपटावर सही केली की मागून आवाज यायचाच, "वाचलंत?" मी तर कधी कधी मुद्दाम न वाचता सही करायची, त्यांना चिडवायला.

आणि दुसरा धडा सी आणि डी-चा. कॉम्प्युटरच्या पोटातल्या डिस्कचे भाग पाडलेले असतात, त्यांची ही नावं. सर फळ्यावर घर काढायचे. सी म्हणजे पडवी. येणारा-जाणारा, कुत्रं-मांजर, व्हायरस, सगळ्यांचे पाय पडवीला लागतात. डी म्हणजे आतली खोली. मशीन बिघडलं, फॉरमॅट मारला, म्हणजे पडवी धुऊन काढली. आतल्या खोलीत पाणी जात नाही. तेव्हा जपून ठेवायचं ते डी-मध्ये ठेवा. सरांच्या हाताखालून गेलेली पोरं आता तालुकाभर आहेत. कुणी मोबाइलच्या दुकानात, कुणी कळंबच्या रिसॉर्टांमध्ये बुकिंगला बसतं, कुणी फोटो काढतं. कर्जत-खोपोलीच्या पट्ट्यात कुणाचंही मशीन दुरुस्तीला गेलं की पहिला प्रश्न हाच येतो, डी-मध्ये ठेवलंय ना? मग काळजी नाही. तो सरांचा प्रश्न आहे, हे आता विचारणाऱ्यांनाही माहीत नसेल.

माझी चुलती, मंदाकाकी, कळंबला राहते. भिवाकाका गेल्यापासून एकटीच. त्यांना एकच मुलगी, ती लग्न करून गुजरातेत गेली. जावयाने आपला जुना कॉम्प्युटर काकीला आणून दिला होता, तो एकाच कामासाठी. मुलीच्या लग्नाची फिल्म बघायला.

त्या फिल्ममध्ये काय होतं ते सांगितलं पाहिजे. भिवाकाकांनी आयुष्यात कधी काकीला नावाने हाक मारली नाही. "ए", "ऐकलं का गं", नाहीतर नुसतं खाकरणं. आमच्याकडे त्या पिढीत असंच. पण मुलीच्या लग्नात बायकांनी त्यांना घेरलं, उखाणा घेतल्याशिवाय पंगतीत पान वाढायचं नाही म्हणाल्या. काका लाजून लाल झाले, टोपी सारखी केली आणि म्हणाले:

"भात झोडला, पेंढा रचला, खळं ठेवलं झाडून,
मंदाचं नाव घेतो पोरीच्या लग्नाचं निमित्त काढून."

मांडवात एकच हशा. काकी पदर तोंडावर घेऊन आत पळाली. काकीच्या लेखी हे एवढंच फिल्ममध्ये होतं, आणि काका पुढच्याच वर्षी गेले. मुलीकडची सीडी नातवंडांनी खेळून खेळून चरे पाडून खराब केली. शिळफाट्याच्या फोटोवाल्याने आपलं दुकान बंद करायच्या आधी काकीच्या मशीनमध्ये फिल्म घालून दिली होती, तीच एक राहिली. काकी दर रविवारी ते मशीन चालू करून चुलीवर भात ठेवायची. भात शिजेपर्यंत मशीन उघडलेलं असायचं, इतकं ते हळू चालत होतं. मग ती हात पुसून समोर बसायची आणि तेवढा उखाणा बघायची. बाकीची फिल्म तिने कधी धड पाहिली नसेल.

एका दिवाळीच्या सुट्टीत ते मशीन फारच अडायला लागलं. भात शिजून गार झाला तरी उघडेना. मी सरांना सांगितलं. त्यांना काय, आमंत्रणच पाहिजे होतं. मला मागे बसवून स्कूटरवरून नेरळमार्गे कळंबला आले. आल्या आल्या भिंत पाहिली, बोर्ड पाहिला, मग काकीला नमस्कार केला. मशीन उघडून बघितलं आणि म्हणाले, यात जीव आहे, वर विंडोजचा संसार जड झालाय. काकी, मी तुम्हाला तुमचं स्वतःचं घर बांधून देतो.

काकी म्हणाली, "माजं त्या फिलमचं काय?"

सर म्हणाले, आहे कुठे ती?

"डी-मधी हाय. फारमॅट मारला तरी जात नाय म्हन्तात. फोटोवाल्या पोरानं सांगितलंय, तुमच्याच साळंतला तो."

सरांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. आपण फळ्यावर काढलेलं घर कळंबच्या एका चुलीपर्यंत येऊन पोचलं, याचा त्यांना केवढा आनंद झाला होता. मग त्यांनी काम सुरू केलं आणि त्यांचं भाषणही सुरू झालं. घरमालक, बंगला, स्वतःच्या विटा, सगळं. काकी भाकऱ्या थापत ऐकत होती. मी दारात बसून मोड आलेले वाल सोलत होते आणि मला राहवेना. मी विचारलं, "आणि प्रिंटर, सर?"

ते माझ्याकडे वळले. हसत हसत, बोट माझ्या दिशेने रोखून प्रिंटरची सगळी बाजू मांडायला लागले. डावा हात मशीनवरच होता. त्या हाताने त्यांनी एकदा दाबलं, जरा वेळाने पुन्हा एकदा दाबलं. दोन्ही वेळा ते माझ्याशीच बोलत होते.

वाक्य अर्ध्यावर तुटलं तेव्हा मी वर पाहिलं. सर पडद्याकडे बघत होते. मग ते उठले आणि भिंतीतून प्लगच उपसून काढला. असं कधीही करायचं नाही हे पोरांना शिकवणारा माणूस तो.

काकीने आतून विचारलं, लाइट गेली का? सर म्हणाले, नाही, म्हणजे मशीनच जरा बिघडलंय, डिस्क सोबत घेऊन जातो, दुरुस्त करून आणतो. त्यांना जेवण गेलं नाही. काकीने सुकटीची चटणी आणि तांदळाच्या भाकरी बांधून दिल्या. परतताना नेरळच्या अलीकडे त्यांनी स्कूटर कडेला घेतली, उतरले आणि कुंपणाच्या दगडावर बसले.

"बाई, मी आतली खोलीच पाडली," ते म्हणाले.

मला काहीच कळलं नव्हतं. त्यांनी समजावून सांगितलं, वर्गात सांगतात तसंच, पण माझ्याकडे न बघता. विंडोज पुन्हा घालताना नुसती सी पुसायची, डी तशीच राहते. त्यांनी जन्मभर तेच केलं होतं, हाताला तीच सवय. पण लिनक्स घालताना पडद्यावर विचारतात की ते कुठे बसवू. आणि पहिलाच पर्याय आधीपासून निवडलेला असतो, पूर्ण डिस्क पुसून बसवा. त्याच्या लेखी पडवी आणि आतली खोली असं काही नसतंच. त्यानंतर पुन्हा एकदा विचारतात, खात्री आहे का? दोनदा विचारलं त्याने, असं सर पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. स्वतःच्या मशीनवर तो पर्याय बदलायला ते कधी विसरले नव्हते. आणि काकीने डी म्हटलं तेव्हा फिल्मची एक प्रत आधी काढून ठेवावी हेही त्यांना सुचलं नाही. स्वतःच्या फायलींच्या तीन-तीन प्रती खालापूरपर्यंत नेणारा माणूस! मला त्यांचा इतका राग आला होता की मी धीराचा एक शब्द बोलले नाही. राग माझा मलाही आला होता, पण तो मी त्यांच्यावरच काढला.

त्यानंतरचे रोकडे सर निराळे. मोकळा तास असला की कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊन बसायचे. पुसलेल्या डिस्कमधून उरलंसुरलं शोधून काढतात, तसलं काहीतरी त्यांनी लावलं होतं. त्यातून हजारो तुकडे निघाले. कुठल्याच तुकड्याला नाव नाही. अर्धा फोटो, पाव फोटो, बँडचा आवाज, कुणाचा तरी नुसता हात. सर एकेक उघडून बघायचे. मी दारातून पाहिलं की मान हलवायचे, अजून नाही. मुलांच्या तासाला हात पाठीमागे बांधून बसणं चालू होतं, पण वाचायला लावणं त्यांनी सोडून दिलं. शेजारच्या वर्गातल्या बाई एकदा मला म्हणाल्या, हल्ली रोकडे सरांची प्रार्थना ऐकू येत नाही. ऑफिसात पुन्हा एकदा ते गोल ठिपके फिरले, सगळ्यांनी मजेने सरांकडे पाहिलं. ते मान खाली घालून तासाला निघून गेले.

बाहेरही शोधलं. फोटोवाला पोरगा आता टेंपो चालवतो. त्याला शिळफाट्यावर गाठला. त्याच्याकडे जुनं काही उरलं नव्हतं, दुकान मोडताना सगळं भंगारात गेलं होतं. तो बिचारा उलट सरांना सांगत होता, डी-मध्ये ठेवलं होतं सर, मी स्वतः ठेवलं होतं. मग सर लग्नाला आलेल्या माणसांकडे जायला लागले. माझ्याकडून नावं घेतली. पोशीर, नेरळ, कडाव, कुठे कुठे फिरले. फोनवरून काही काढलं होतं का, त्या क्लाउडवर कुठे असेल का, असं ते दारोदार विचारायचे. फोनला खेळणं म्हणणारे सर लोकांच्या फोनमध्ये मान घालून बसलेले मला बघवायचं नाही. मुख्याध्यापक एकदा सहज बोलून गेले, क्लाउडवर टाकलं असतं तर राहिलं असतं हो. सर म्हणाले, "हो. राहिलं असतं."

इकडे काकी दर रविवारी मला फोन करायची. झालं का गं सरांचं? मी सांगायची, चाललंय, नाजूक काम आहे. ती म्हणायची, घाई करू नको म्हनावं त्यांना. हे खोटं बोलताना मला स्वतःचीच लाज वाटायची, आणि सोमवारी सरांना निरोप सांगताना त्याहून जास्त. तिला खरं सांगून टाका, असं मी म्हटलं की ते म्हणायचे, हातात काहीतरी घेऊन जाऊ दे मला. रिकाम्या हाताने कसं सांगू?

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी एका दुपारी त्यांनी मला खोलीत बोलावलं. एक तुकडा सापडला होता. पडद्यावर भिवाकाका. पांढरी टोपी, गळ्यातला हार घसरलेला, मागे बायकांचा गलका. काकांनी टोपी सारखी केली आणि आवाज आला, "भात झोडला, पेंढा रचला, खळं ठेवलं झाडून," आणि तिथेच चित्र थिजलं. तोंड उघडं, पुढचा शब्द ओठांवर. त्याच्या पुढचं काहीही डिस्कमध्ये शिल्लक नव्हतं. सरांनी सगळं शोधून पाहिलं होतं. मी रडले.

त्याच आठवड्यात रविवारी आम्ही कळंबला गेलो. सरांनी स्वतःच्या पैशाची नवी डिस्क घातली होती, मशीन झटक्यात उघडलं. काकी चुलीवर भात ठेवायला निघाली होती, ती तशीच थांबली. पण सरांनी फिल्म लावली नाही. आधी उभं राहून तिला सगळं सांगितलं. बिघडलं नव्हतं, मी पुसलं. पडद्यावर लिहिलं होतं, मी बोलत राहिलो आणि दाबलं. आणि इतके महिने तुमच्याशी खोटं बोललो. मी मध्येच म्हणायला गेले की काकी, मीच त्यांना बोलण्यात गुंतवलं होतं, तर त्यांनी हाताने मला गप्प केलं.

काकी त्यांच्याकडे बघत राहिली. ती रागावेल, रडेल, असं मला वाटत होतं. तिला खरंच कळत नव्हतं, एवढंच तिच्या चेहऱ्यावर होतं.

"सर, तुमी तर शिकवनारं," ती म्हणाली. "तुमी वाचलं नाय?"

काकी आत गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाजही आला नाही. मी उठून आत जाणार तेवढ्यात ती बाहेर आली, पदराने तोंड पुसलेलं. खाली बसली आणि म्हणाली, जे उरलं असंल ते लावा.

सरांनी लावलं. काका बोलले आणि थांबले. काकीने पडद्याला हात लावला, पुन्हा लावा म्हणाली. पुन्हा. आणखी एकदा. माफ केलं असं ती तेव्हा म्हणाली नाही, आणि नंतरही कधी म्हणाली नाही. सरांनीही तिला कधी विचारलं नाही.

पण त्यानंतर ते दर रविवारी कळंबला जायला लागले. मशीन आता त्यांच्या पद्धतीचं होतं, दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं, असं कारण ते सांगायचे. ते काही खरं नव्हतं, दोन ठिकाणी दाबायचं होतं फक्त. सुजातावहिनी, म्हणजे सरांच्या मिसेस, एकदा मला म्हणाल्या, रविवारी घरी पाहुणे आले तरी हे थांबत नाहीत हो. सर निवृत्त झाले, छातीचं दुखणं लागलं, डॉक्टरांनी स्कूटर बंद करायला सांगितली. मग खोपोलीहून कर्जत, तिथून नेरळ आणि पुढे रिक्षा, असं करत जायचे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथेच. मी काकीला काही द्यायला गेले होते. खिडकीतून आवाज ऐकू आला म्हणून दारात जायच्या आधी बाहेरच थांबले.

सर खुर्चीवर होते, अंगाने निम्मे झालेले. दोन्ही हात पाठीमागे बांधलेले, आमची पोरं बसायची तसे. काकी माउस धरून बसली होती. सरांनी मशीन मराठीत करून दिलं होतं, आणि ते पडद्यावरचं एकेक अक्षर मोठ्याने वाचत होते. "ही फाइल चालवायची का? होय. नाही." काकी त्यांच्या मागून म्हणत होती. "वाचलंत?" सरांनी विचारलं. वाचलं, ती म्हणाली. "आता विचार करा." दोघं गप्प. "आता दाबा."

काकांचा आवाज आला. भात झोडला, पेंढा रचला, खळं ठेवलं झाडून. मग आवाज थांबला, आणि उघड्या तोंडाच्या काकांकडे बघत काकीने पुढचं स्वतःच म्हटलं, सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत. "मंदाचं नाव घेतो पोरीच्या लग्नाचं निमित्त काढून."

सर तेव्हा पडद्याकडे बघत नव्हते. ते भिंतीकडे बघत होते, प्लगकडे. काकीचं म्हणून पूर्ण झालं, तशी त्यांनी मान वळवली आणि हळूच विचारलं, "बंद करू?"

"नगं," काकी म्हणाली. "परत लावा."